गावाची पलटण आणि विखुरलेलं दुःख

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ‘पॅल्स’ पलटणी उभ्या राहिल्या. पॅल्स म्हणजे दोस्त. एका गावचे, एका पेढीतले, एका आळीतले लोक एकत्र भरती झाले तर त्यांना एकत्रच ठेवू, असं वचन मिळालं आणि माणसं रांगा लावून आली. या पलटणींबद्दलचा निकाल कधीचाच लागलेला आहे: ओळखीच्या माणसांना एका जागी ठेवलं म्हणून एका सकाळी गावंच्या गावं उजाड झाली, ती चूक होती, आणि पुढे माणसं वेगवेगळ्या पलटणींत वाटून ती दुरुस्त झाली. हा निकाल मला मान्य नाही. माणसं कशानं मेली हा एक प्रश्न, आणि त्यांचं दुःख किती ठिकाणी वाटलं गेलं हा दुसरा. निकाल देताना दोन्हींची गल्लत झालेली आहे, आणि ती गल्लत उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये थांबत नाही, आपल्याकडच्या चावडीवरच्या दगडी पाटीपर्यंत येते.

लँकेशायरमधलं अ‍ॅक्रिंग्टन घेऊ. कापडगिरण्यांचं, गिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचं आणि कडक लाल विटांचं हे गाव. ऑगस्ट १९१४ च्या अखेरीस लँकेशायरचे बडे उमराव लॉर्ड डर्बी यांनी लिव्हरपूलमध्ये दोस्तांच्या पलटणीची हाक दिली होती. त्यापाठोपाठ अ‍ॅक्रिंग्टनचे महापौर जॉन हारवुड यांनी अख्खी पलटण उभी करून देतो असं युद्धखात्याला कळवलं, आणि सप्टेंबरात भरती सुरू झाल्यावर दहा दिवसांत ती भरली. निम्म्याच्या आसपास माणसं अ‍ॅक्रिंग्टनची आणि लगतच्या वस्त्यांची, बाकीची चोर्ली, बर्नली या शेजारच्या गावांची. कागदोपत्री ती ईस्ट लँकेशायर रेजिमेंटची ११ वी पलटण. हल शहरानं अशा चार पलटणी दिल्या: एक पेढ्यांतल्या कारकुनांची, एक कारागिरांची, एक खेळाडूंची, आणि चौथीचं नावच ‘बाकीचे’ पडलं. ग्लासगोत ट्रामच्या नोकरवर्गाची वेगळी पलटण होती.

हे सगळं निव्वळ देशप्रेमानं झालं असं म्हणणं त्या माणसांवर अन्याय करणारं आहे. कापडाच्या धंद्यात मंदी होती आणि अ‍ॅक्रिंग्टनच्या सर्वांत मोठ्या कारखान्यात मालक-कामगार तंट्यानं काम बंद होतं. शिपायाला दिवसाला एक शिलिंग मिळे, शिवाय बायकोला घरखर्चाचा भत्ता. चूल बंद पडलेल्या घरात हा हिशेब आधी होतो. आणि ज्या आळीतून दहा जण गेले तिथल्या अकराव्याला रोज दारात उभं राहून उत्तर द्यावं लागे. गावकीचा दबाव हा या पद्धतीवरचा सर्वांत खरा आक्षेप आहे, आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नाही.

सुरुवातीचा कपडा, निवारा, जेवण हे सगळं गावानं उभं करायचं आणि नंतर सरकारनं भरपाई द्यायची, अशी रीत होती. खाकी कापड पुरेना म्हणून पोरांनी निळ्या गणवेशात कवायत केली, रायफली नव्हत्या म्हणून लाकडी रायफली खांद्याला लावल्या. फेब्रुवारी १९१५ मध्ये ही पलटण वेल्समधल्या कार्नार्व्हनला गेली, मग इंग्लंडमधले तळ, वर्षअखेरीस सुवेझ कालव्याच्या राखणीसाठी इजिप्त, आणि मार्च १९१६ मध्ये फ्रान्स.

पूर्ण भरलेल्या पलटणीत साधारण हजार माणसं: चार कंपन्या, प्रत्येक कंपनीत चार तुकड्या, शिवाय घोडे, गाड्या, पाणीगाड्या, चाकांवरचे फिरते चुल्हे, वैद्यकीय अधिकारी. लढाई तिच्या आयुष्यात क्वचित येते. बाकी सगळा वेळ जातो तो मातीचं, पाण्याचं, पायांचं आणि पावाचं काम करण्यात.

खंदक सरळ खणून चालत नाही. दर काही यार्डांवर तो काटकोनात वळवून मध्ये जाड आडबांध ठेवावा लागतो. सरळ ठेवला तर एका गोळ्याचे तुकडे दोन्हीकडे लांबवर माणसं कापत जातात, आणि शत्रू एका टोकाला घुसला तर तिथूनच सगळी रांग टिपतो. खोली सहा-सात फूट. समोरच्या भिंतीला दीड-दोन फूट उंचीची पायरी, तिच्यावर उभं राहून पहारा. समोरचा बांध निदान तीन फूट जाड हवा, नाहीतर रायफलची गोळी आरपार येते. पावसात ही माती ढासळते, म्हणून भिंतीला पोत्यांचा आधार. पोतं पाऊणच भरायचं; गच्च भरलं की गोल होतं आणि घरंगळतं. फावड्याच्या पाठीनं ठोकून चपटं करायचं. एका थरात पोती लांबीनं, पुढच्या थरात रुंदीनं, आणि खालचा सांधा वरच्या पोत्यानं झाकलेला, अगदी विटेच्या भिंतीसारखं. पोत्याचं तोंड आणि शिवण मातीच्या बाजूला. भिंत ओळंब्यात न ठेवता चार फुटांना एक फूट अशी मागे कललेली. सगळी पोती लांबीनंच लावली किंवा भिंत सरळ उभी केली, तर पहिल्या मोठ्या पावसात ती आतल्या माणसांच्या अंगावर येते. तळाशी इंग्रजी ‘ए’ अक्षर उलटं ठेवल्यासारखा लाकडी सांगाडा बसवतात: त्याच्या आडपट्टीवर चालायच्या फळ्या, खाली पाण्याला वाट.

विटांच्या गावातल्या गवंड्याला सांधा का मोडायचा हे कुणी शिकवावं लागत नाही. अ‍ॅक्रिंग्टनच्याच ब्रिगेडमध्ये बार्न्सलीच्या दोन पलटणी होत्या. तो कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथल्या माणसाला माती कधी बोलू लागते, लाकडाचा टेकू कुठं द्यायचा, हे हाताला माहीत असतं. या पलटणी कशा टिकल्या ते या कसबांत आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत नेमकं तेच सर्वांत कमी सापडतं.

दिवसाची सुरुवात पहाटेच्या आधी. उजाडण्यापूर्वी आणि मावळताना सगळे पायरीवर शस्त्रं घेऊन उभे, कारण अर्धवट उजेडातच हल्ला येतो. पूर्ण उजाडलं की मोकळीक. मग अधिकाऱ्यासमोर रम मिळे: माणशी गॅलनचा चौसष्टावा भाग, म्हणजे सत्तर मिलीलिटरच्या आसपास. ती तिथंच, त्याच्या डोळ्यांदेखत प्यायची. साठवून ठेवली की एखादा एकदम पितो आणि पहाऱ्यावर झोपतो. मग रायफल साफ करणं, न्याहारी, तपासणी. दिवसा थोडे पहारेकरी, बाकीच्यांनी मिळेल तशी झोप. खरं काम अंधारात: काटेरी तार लावणं, ढासळलेलं उभारणं, मागून सामान वाहून आणणं. पुढच्या रांगेत काही दिवस काढले की आधाराच्या रांगेत, मग मागे ‘विश्रांती’ला. त्या विश्रांतीतही रात्री खणायला आणि ओझी वाहायला जावं लागेच.

शिधा माणशी असा ठरलेला होता: सव्वा पौंड ताजं किंवा गोठवलेलं मांस, नाहीतर एक पौंड डबाबंद, सव्वा पौंड पाव, नाहीतर एक पौंड कडक बिस्किटं, चार औंस खारवलेलं डुकराचं मांस, तीन औंस चीज, चार औंस जॅम, तीन औंस साखर, अर्ध्या औंसाहून थोडा जास्त चहा. कागदावर हे पोटभर आहे. खंदकात पोचेपर्यंत त्याचं काय होई ते पाहावं. पाव, चीज, चहा, साखर सगळं पोत्यांत भरायचं, दोन पोत्यांची तोंडं बांधून खांद्याच्या पुढे-मागे टाकायची आणि चिखलातून रात्रीचं चालायचं. पोतं पाण्यात पडलं की चहा-साखरेचा चिखल, पावाला पोत्याचे धागे. गरम जेवणाची भांडी गवताच्या अस्तरात बसवून आणत, तरी तास-दोन तासांच्या वाटेनंतर ते कोमट उरे. आणि शिधा येई तो आधीच्या हजेरीवर. मोठं नुकसान झालेल्या पलटणीत त्या रात्री पाव उरत. घरून आलेली पार्सलं ज्याच्या नावानं आली तो नसला की उरलेल्यांत वाटत, कारण केक टिकत नाही. ज्या आईनं तो भाजला तिला हे वाटून खाणारे लहानपणापासून ओळखत असतील तर तो घास कसा उतरत असेल, याची कल्पना करून पाहावी.

पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्यालाही लागू आहे. पलटणीच्या पाणीगाडीत ११० गॅलन, म्हणजे सुमारे ५०० लिटर पाणी मावे. ते कुठल्या विहिरीचं, कुठल्या ओढ्याचं, याचा भरवसा नाही. त्यात ब्लीचिंग पावडर किती घालायची हे ठरवायला सैन्यातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांनी एक पेटी तयार केली. तिच्यात एक काळी वाटी, सहा पांढऱ्या वाट्या. काळ्या वाटीत दोन ग्रॅमचा एक सपाट चमचा पावडर पाण्यात कालवायची आणि खुणेपर्यंत पाणी भरायचं. पांढऱ्या वाट्यांत तपासायचं पाणी घेऊन पहिल्या वाटीत त्या द्रावणाचा एक थेंब, दुसरीत दोन, असं सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकीत पिष्ट-आयोडाइडचे तीन थेंब. स्पष्ट निळा रंग जिथं पहिल्यांदा दिसेल त्या वाटीचा क्रमांक म्हणजे गाडीला लागणारे चमचे. तिसरी निळी झाली तर तीन चमचे. बिघाड कुठं होतो तेही ठरलेलं आहे: पावडरचा डबा उघडा राहिला की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, अर्धा तास न थांबता घाईनं रंग पाहिला की मात्रा कमी निघते, आणि मात्रा बरोबर निघाली तरी चव आवडत नाही म्हणून शिपाई गोळ्यानं पडलेल्या खड्ड्यातलं पाणी पितो. त्यात ते पाणी पुढे न्यायचं पेट्रोलच्या डब्यांतून, म्हणजे चहालाही पेट्रोलचा वास. हीच पेटी आजही आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना शिकवली जाते.

पायांचंही तसंच. थंड पाण्यात तासन्‌तास उभं राहिलं, बूट आणि पायाच्या पट्ट्या आवळलेल्या असल्या, की रक्त पुरेसं फिरत नाही; पाय बधिर होतो, सुजतो, काळा पडतो, बोटं कापावी लागतात. (पायाला गुंडाळायच्या या पट्टीचा शब्द इंग्रजांनी इकडूनच नेला, तसाच ‘खाकी’ही. घराला ‘ब्लायटी’ म्हणत, ते मूळ ‘विलायती’.) युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात अशा रुग्णांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. उपाय साधा आणि कंटाळवाणा होता: रोज बूट काढायचे, पाय पुसायचे, देवमाशाचं तेल चोळायचं, कोरडे मोजे घालायचे. ओले मोजे शिधा आणणाऱ्यांबरोबर मागे जात, वाळून दुसऱ्या रात्री पावाबरोबर परत येत. माणसांच्या जोड्या लावून दिलेल्या असत. प्रत्येकानं दुसऱ्याचे पाय चोळायचे आणि त्यांची जबाबदारी घ्यायची. दमलेला माणूस स्वतःच्या पायाबद्दल खोटं बोलतो, ‘चोळलेत’ म्हणतो आणि झोपतो. शेजारच्या घरातल्या पोराशी तसं खोटं बोलणं अवघड जातं, कारण पाय कापून हा घरी गेला तर ‘तू काय करत होतास’ असं त्याची आई आपल्याच आईला विचारणार आहे.

गावाची ओळख युद्धाच्या रोजच्या कामात अशी उपयोगी पडते. लष्करी पुस्तकात त्याला मनोधैर्य म्हणतात. मला तो शब्द पोकळ वाटतो. इथं आहे ती एकमेकांवरची पाळत आणि एकमेकांची लाज, आणि तिच्यामुळे मोजे कोरडे राहतात.

ओळखीचं ओझंही होतं. गावातली उतरंड पलटणीत जशीच्या तशी आली. अधिकारी बहुधा सुखवस्तू घरांतले, शिपाई मागावरचे आणि खाणीतले. मित्रावर आरोपपत्र लिहायला सार्जंटचा हात धजत नसे. शिपायांची पत्रं कंपनीचे अधिकारीच वाचून पुढे पाठवत. अधिकारी ओळखीतला असेल तर बायकोशी झालेला तंटा, घराचं थकलेलं भाडं हे सगळं त्याच्या डोळ्यांखालून जाई. माणसं मग पत्रात काहीच लिहीत नसत. हे तोटे खरे आहेत. पण १ जुलै १९१६ ला जे झालं ते यांतल्या एकाही गोष्टीनं झालं नाही.

त्या सकाळी अ‍ॅक्रिंग्टनची पलटण फ्रान्समधल्या सॉमच्या आघाडीवर सेर गावासमोर होती. प्रत्येकाच्या अंगावर ६० पौंडांच्या आसपास ओझं: २२० गोळ्या, दोन हातबॉम्ब, दोन रिकामी पोती, शिधा. हल्ल्याची वेळ ७.३०. आधीचा आठवडाभर तोफा चालल्या होत्या, पण जड तोफा आघाडीच्या लांबीला अपुऱ्या, पुष्कळ गोळे न फुटणारे, आणि काटेरी तार कापायला वापरलेले छऱ्यांचे गोळे ती नीट कापत नसत. जर्मन सैनिक जमिनीत खोल खोदलेल्या खोल्यांत सुरक्षित होते. शिवाय, त्याच कोअरच्या, म्हणजे त्याच मोठ्या सैन्यविभागाच्या, आघाडीवर हॉथॉर्न टेकडीखालचा प्रचंड सुरुंग दहा मिनिटं आधी, ७.२० ला उडवला आणि जड तोफांचा मारा पुढच्या खंदकावरून मागे उचलला. शत्रूला वर यायला वेळही मिळाला आणि सूचनाही. हल्ल्यात गेलेल्या सुमारे ७२० जणांपैकी ५८४ जण अर्ध्या तासाच्या आत मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

आता त्या जागी एकमेकांचं नावही माहीत नसलेली ७२० माणसं उभी करा. तार तीच, मशीनगनी त्याच, ७.२० चा सुरुंग तोच. किती वाचली असती? जानेवारी १९१६ च्या कायद्यानं सक्तीची भरती आली, नवी माणसं जिथं कमी तिथं पाठवली जाऊ लागली, गावाच्या पलटणी नावापुरत्या उरल्या. १९१७ मध्ये बेल्जियममधल्या पाशेंडेलच्या लढाईत, चिखलात, माणसं तशीच मेली. फरक एवढाच पडला की मृत्यूची पत्रं शंभर वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या दिवशी पोचू लागली.

अ‍ॅक्रिंग्टनमध्ये बातमी फुटली ती अशी नव्हे. आधी वर्तमानपत्रांत विजयाच्या ओळी, मग दवाखान्यांतून आलेली पत्रं, मग सातच जण वाचलेत अशी अफवा. लोकांनी महापौरांच्या घराला वेढा घातला: खरं सांगा. हे होऊ शकलं कारण गावाला विचारायला एक दार होतं. ज्या माणसानं पोरं मागून नेली तो त्याच गावात राहत होता, आणि नेलेली सगळी पोरं एकाच पलटणीत होती. विखुरलेल्या दुःखाला असं दार सापडत नाही. म्हणून ‘माणसं वाटली, चूक सुधारली’ हे वाक्य मला टोचतं. तोफखान्याच्या आणि आखणीच्या चुका माणसं वाटून सुधारत नव्हत्या. त्या फक्त एका जागी दिसेनाशा होत होत्या. आळीतली एका वयाची मुलं एकदम गेल्यावर गावाचं काय होतं, किती लग्नं होत नाहीत, किती मागांवर बाया एकट्या उरतात, हे मी हलकं करत नाही. त्या गावानं तो घाव शंभर वर्षं जपला, आणि जपता आला कारण स्मारकावर एकेकाचं नाव आहे.

दुःख याहूनही पातळ करता येतं. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागांत अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक पाटी बसवलेली आहे. मजकूर साचेबंद आहे: या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकही नाही. ही माणसं गेली ती मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत अडकल्या होत्या. बसऱ्याच्या स्मारकावरही तीच रीत: अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली आकड्यात. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं २०२१ च्या अहवालात ही विषमता मान्य केली आहे.

त्या पाट्यांना नावं मिळाली पाहिजेत, आणि हे काम सरकारची वाट न पाहता गावागावांत होऊ शकतं. आयोगाची यादी सर्वांना खुली आहे; अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे तिच्यात वडिलांचं नाव, गाव, जिल्हाही दिलेला आहे. अडचण येते ती रोमन लिपीतल्या नावांची. त्या वेळच्या कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. ‘शिंदे’ दोन-तीन तऱ्हांनी सापडतो, गावाचं नाव ओळखू येत नाही, आडनाव कधी असतं कधी नसतं, आणि एकाच पलटणीत चार रामा, पाच सखाराम. त्यामुळे नुसत्या नावावर जुळणी करू नये. शिपायाचा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि वडिलांचं नाव या चारही गोष्टी एकत्र लावाव्यात, मग गावातल्या घरांत विचारावं: जुनं पदक, निवृत्तिवेतनाचा कागद, भिंतीवरचा फोटो. दोन पुरावे जुळल्याशिवाय नाव कोरू नये. चुकीचं नाव दगडात गेलं की ते काढणं नसल्यापेक्षा अवघड. पाटीवरचा आकडा आणि सापडलेली नावं जुळली नाहीत तर तेही तसंच लिहून ठेवावं. बहुतेक गावांत मेलेल्यांचा आकडा लहान आहे, कधी तीन, कधी पाच. माध्यमिक शाळेतल्या एका वर्गाला एका सत्रात पुरेल इतकंच हे काम.